फुंकाबाईंचा आवाज

घरात तिचा आवाज इतका बेताचा होता की दारावर येणारा भाजीवाला तिला बरीच वर्षं मुकी समजत होता. ती बोटाने दाखवायची, तो तोलून द्यायचा, दोघांचं छान चाललं होतं. एकदा ती "भेंडी जून आहे" म्हणाली, तेव्हा त्याच्या हातातला तराजू डुचमळला.

दवाखान्यात मात्र तिला सगळे फुंकाबाई म्हणत. दवाखाना छातीच्या आजारांचा, आणि श्वास मोजायचं मशीन तिच्या ताब्यात. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळाच्या सगळा एका दमात बाहेर फेकायचा. ऐकायला सोपं. पण माणूस संकोची. परक्यासमोर जीव खाऊन कोणी फुंकत नाही, सगळे आपले चहावर फुंकर घालतात. मशीनला हा सभ्यपणा कळत नाही. ते लाल अक्षरांत 'पुन्हा करा' म्हणतं.

नोकरीला लागली तेव्हा तीही "फुंका हं" असं हळूच म्हणायची. एका ट्रक ड्रायव्हरने नळी तोंडातून काढून विचारलं, "ताई, फुंकायला लावताय की झोपवताय?"

तिला आला राग. "फुंका म्हणते ना! फुंका, फुंका, फुंका! थांबू नका! आत आहे अजून, कुणासाठी लपवून ठेवताय?"

ड्रायव्हर दचकून असा काही फुंकला की मशीनने निमूट मान्य केलं. तेव्हापासून तिने कोणाला सोडलं नाही. हेडमास्तर, हवालदार, एक न्यायाधीशसुद्धा. सगळ्यांनी तिचा ओरडा खाल्ला आणि जाताना आभार मानले.

संध्याकाळी घरी आली की चपलांबरोबर आवाजही दाराबाहेर काढून ठेवायची. कारण आत सासूबाई असत.

सासूबाईंना जुना दमा. पण दमा छातीत होता, जिभेत नव्हता. भाजीत मीठ कमी, चादरीची घडी वाकडी, दार लावताना आवाज फार. बसल्या जागेवरून त्यांचं सगळ्यावर लक्ष असे. सुनेने कधी उलट ब्र काढला नव्हता. "हो आई" आणि "बरं आई" एवढ्यावर तिचा संसार व्यवस्थित चालला होता.

मागे एकदा दमा फारच उसळला, तेव्हा सासूबाईंना स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागल्या. गोळ्यांनी जीव वाचवला, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण साखर वाढली, झोप उडाली, भूक अशी लागे की जेवून हात धुताना पुढच्या जेवणाची चौकशी होई, आणि चेहरा झाला गोल गरगरीत. ओळखीचे म्हणत, "काय तब्येत सुधारलीय हो!" नेमका त्याच दिवसांत सगळ्या घराचा फोटो काढला गेला. सासूबाईंची सख्खी बहीण तो बघून म्हणाली, "बाकी सगळे ओळखले. मधली बाई कोण?"

तेव्हापासून तो फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता.

पुढे ओढायचा पंप आला. त्यातही स्टेरॉइडच, पण थोडकं, आणि थेट छातीत उतरणारं. सासूबाई तो सकाळ-संध्याकाळ ओढत, मग गुळणी करत, आणि ठीक होत्या. गोळ्यांचं नाव निघालं की मात्र म्हणत, "त्यापेक्षा मी धापा टाकीन. निदान माझ्या तोंडाने टाकीन."

त्या वर्षी डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला. ज्यांचा दमा आवाक्यात आहे, त्यांच्या पंपाचा डोस एक पायरी खाली आणता येतो का, हे पाहायचं होतं. त्यात सासूबाईंचं नाव निघालं. आधी श्वास मोजायला हवा, आणि मोजणारी दवाखान्यात एकच.

"आई, फुंका हं," सून म्हणाली.

मशीनवरची रेघ जेमतेम उठली आणि बसली.

"अजून थोडं. जमलं तर."

"जमलं ते केलं."

डॉक्टरांनी स्वतः येऊन ओरडून पाहिलं. त्यांचं ओरडणं म्हणजे फोनवर कोणाला पत्ता सांगितल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे बाळा, घसा बसेल तुझा."

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "मशीन म्हणतंय, जोर कमी पडला. तसं असेल तर ठीक. पण खरंच एवढाच श्वास निघत असेल, तर डोस कमी करणं राहिलं बाजूला, गोळ्यांचा विचार करावा लागेल. गुरुवारी परत घेऊ."

घरी येऊन सासूबाईंनी फोटोच्या पाठीकडे पाहिलं आणि भाजीत मीठ कमी असूनही काही बोलल्या नाहीत. त्यावरून सुनेला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"ओरड की त्यांच्यावर," नवरा म्हणाला. "रोज लोकांवर ओरडतेसच."

"आधी तुम्ही ओरडून दाखवा. मी बघून शिकते."

नवऱ्याला एकदम कुंड्यांना पाणी घालायचं आठवलं.

गुरुवारी सासूबाईंच्या आधी एका निवृत्त बँक मॅनेजरचा नंबर होता. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. आतून आवाज आला, "फुंका, फुंका, फुंका! बँक बंद झाली का? सगळं काढा बाहेर! शाब्बास!" मॅनेजर घाम पुसत, हसत बाहेर आले.

सासूबाई आत जाऊन खुर्चीवर बसल्या. "मघाशी ओरडत होतं ते कोण?"

"मीच, आई."

"परक्याला तो आवाज, आणि मला हा उंदराचा?"

"तुमच्यावर कसं ओरडू?"

"मग मला गोल तोंडाची करून परत भिंतीवर टांग."

त्यांनी स्वतःच नाकाला चिमटा लावला आणि नळी तोंडात धरली. सुनेने मशीन सुरू केलं.

"श्वास घ्या. अजून घ्या. फुंका. फुंका! फुंका, फुंका! पाहुण्यांसमोर माझ्या भाजीला नावं ठेवताना कसा पुरतो श्वास? तोच आणा!"

सासूबाईंचे डोळे विस्फारले, पण फुंकणं थांबलं नाही. रेघ सरळ वर गेली.

मशीनला तीन वेळा सारखंच फुंकलेलं लागतं. दुसऱ्या वेळी चादरीच्या घड्या निघाल्या. तिसऱ्या वेळी तर लग्नानंतर माहेरून आणलेला स्टोव्ह निघाला, जो न विचारता नणंदेला देऊन टाकला होता. बाहेर बाकावरची माणसं दाराकडे सरकून बसली. तिन्ही रेघा एकमेकींवर चपखल बसल्या. सून दम लागून भिंतीला टेकली.

सासूबाईंनी चिमटा काढला. "स्टोव्ह गळका होता," त्या म्हणाल्या. "आणि मीठ कमीच होतं."

आकडा चांगला आला होता. गोळ्यांचा विषय मिटला, आणि डॉक्टरांनी पंपाचा डोस एक पायरी खाली आणला. तो टिकतोय का हे पाहायला ठरावीक दिवसांनी परत यायचं होतं.

सासूबाईंनी एकही तारीख चुकवली नाही. दर खेपेला सुनेकडे नवीन काहीतरी साठलेलं असे, आणि ते साठावं याची तजवीज सासूबाई घरी अधूनमधून करत. घरात सून अजूनही "हो आई" म्हणते, फक्त ते आता भाजीवाल्यालाही ऐकू जातं.

फोटो अजून भिंतीकडेच तोंड करून आहे. आकडा टिकून आहे.