आईचा खालचा ओठ

माझा दवाखाना इंदिरानगरमध्ये आहे. बाहेर पाटी आहे, 'वेदनारहित दात काढून मिळतील.' ती मी मोठ्या हौसेने लावली होती, आणि एका सकाळी तिच्याखालून गाल धरून सटाण्याहून माझी आईच आत आली. डावीकडची खालची दाढ. आठवडाभर लवंग दाबून बसली होती, फोनवर चकार शब्द काढला नव्हता. मी चिडले. मुलगी दातांची डॉक्टर आणि हिचा भरवसा लवंगेवर.

खालची दाढ वरच्या दातांसारखी सोपी नसते. वर दाताजवळ भुलीची सुई टोचली की भागतं. खाली हाड जाड, औषध त्यातून झिरपत नाही. मग पार मागे, जिथे नस जबड्यात शिरते, तिथे अंदाजाने औषध सोडायचं. नस काही दिसत नाही. लागू पडल्याची मोठी खूण म्हणजे त्या बाजूचा खालचा ओठ जड होतो. लाळ ओघळली तरी माणसाला पत्ता लागत नाही, मलाच टिश्यू पुढे करावा लागतो. पण ओठ जड झाला का, हे सांगणार तो माणूसच. एवढं शिकून मी शेवटी समोरच्याच्या 'हो'वर अवलंबून.

आईला सुई दिली, थांबले, विचारलं. ती नाही म्हणाली. थोडी वर दुसरी दिली. तरी नाही. ठणकती दाढ कधी कधी भुलीला दादच देत नाही. पडद्यापलीकडे बाकावर पेशंट बसले होते, त्यातली एक बाई आत इतका वेळ काय चाललंय म्हणून विचारत होती. ते आईनेही ऐकलं. मी तिसऱ्यांदा दाढ आणि हिरडीच्या फटीत औषध सोडलं आणि परत विचारलं.

"झाला बाई जड. लय जड झाला. काढ आता."

हिरडीला टोचून पाहिलं. आई हलली नाही. मी चिमटा लावला.

दाढ हलवायला लागले तसं तिच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं. थांबून विचारलं, तर तिने बोटाने वरचा दिवा दाखवला, उजेड लागतोय म्हणून. मी दिवा वळवला. पाणी थांबलं नाही. पायांची बोटं आवळलेली दिसत होती. दाढ अर्धी सुटली होती, तशी सोडताही येईना. मला रडू येत होतं आणि हात चालूच ठेवावा लागत होता.

कापूस चावत बाहेर जाताना तिने बाकावरच्या बायकांना हातानेच सांगितलं, काही दुखत नाही.

तासाभराने आतल्या खोलीत तिला आइस्क्रीमचा कप दिला. डाव्या बाजूला ओठावर थेंब आला. मी सवयीने टिश्यू घेऊन पुढे झाले, त्याआधीच तिने तो पदराने टिपला.

"आई, तुझा ओठ जड झालाच नव्हता."

तिने कप खरवडला. "डॉक्टरची आईच बोंबलली असती, तर त्या बाकावर कोण बसलं असतं?"

मी उठून बाहेर आले. पुढच्या बाईला आत घेतलं, सुई दिली, ओठ जड झाला का विचारलं. ती लगेच हो म्हणाली, आणि मला चिमटा उचलवेना.