आमच्या उंदरांना मराठी कळतं

उंदरांच्या किश्श्यांचं उंदरांसारखंच असतं. एक दिसला की समजायचं, भिंतीमागं अख्खं खानदान आहे! चहाच्या टपरीवर मी एक सांगायला घेते, दोस्त म्हणतात, "बस, अजून एक." चहा संपतो, टपरीवाला बाकं उचलायला लागतो, किस्से संपत नाहीत.

आधी थोडक्यात. मी इंजिनिअरिंग मधूनच सोडलं. काहून सोडलं, हे विचारणाऱ्यांना उत्तर देणंही सोडलं. जबलपूरच्या आमच्या घरामागं पेरूच्या झाडाखाली खुराडं बांधलं अन् कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांमागं दाणा आला, दाण्यामागं उंदीर आले.

वरच्या मजल्यावर मोठे काका राहतात, बाबांचे मोठे भाऊ. त्यांनी जिन्यातूनच फर्मान काढलं, "दिवाळीपर्यंत उंदीर गेले नाहीत, तर कोंबड्या जातील. अन् ही पोरगी परत कॉलेजात जाईल!"

बाबा म्हणाले, "हो दादा."

माझ्या बाबांनी फॅक्टरीत भल्याभल्या साहेबांना तोंडावर सुनावलंय. पण दादाला "नाही" म्हणणं? रिटायर झाले, नातवंडं खेळवायच्या वयाला आले, तरी जमलेलं नाही.

*

आमच्या घरात उंदरांबद्दल मोठ्यानं बोलत नाहीत. ते ऐकतात अन् सावध होतात, अशी सगळ्यांची श्रद्धा. बाबांची तर सगळ्यात जास्त. नोकरीभर मशीनी दुरुस्त केलेला माणूस! पिंजरा लावायचा ठरला तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं अन् कानाशी कुजबुजले, "आज पिंजरा लगाना है."

"हिंदीत काहून?"

"अगं, आपल्या घरचे आहेत ते. मराठी समजते त्यांना."

पिंजरा रिकामा राहिला. शेजारचे तिवारी जी भिंतीवरून म्हणाले, "भाईसाहब, दिन भर तो हमारे आँगन में रहते हैं। हिंदी हमसे अच्छी जानते होंगे!"

मग बाबा इंग्रजीवर उतरले. "टुडे इव्हनिंग, डू द नीडफुल!"

सकाळी पिंजऱ्यात माझ्या कोंबडीचं पिल्लू.

आई म्हणाली, "त्याला बिचाऱ्याला इंग्रजी येत नसेल."

जिन्यातून मोठे काका ओरडले, "मालकिणीवर गेलंय!"

*

उंदीर साध्या पोळीला भुलत नाही म्हणून बाबांनी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलबी आणली. माझ्या बारावीच्या रिझल्टला घरात बत्तासे वाटले होते. असो.

जिलबी पिंजऱ्याच्या आकड्याला लटकवली. सकाळी पाहिलं तर जिलबी गायब, उंदीर गायब. दार पडलेलं, पण पूर्ण नाही. त्याच्या खाली भुट्ट्याचं खाल्लेलं कणीस आडवं घातलेलं!

बाबा उकिडवे बसून बराच वेळ ते कणीस पाहत राहिले. मग देवळात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "दाराला टेकण दिली त्यानं. असा फिटर आमच्या फॅक्टरीच्या शॉपमध्ये नव्हता."

तेव्हापासून जिलबी वारंवार यायला लागली. विचारलं की म्हणायचे, "ट्रायल घेऊन राहिलो."

*

मोठे काका नेहमी सांगतात, एक उंदीर उताणा झोपून अंडं पोटाशी धरतो अन् दुसरा त्याची शेपटी ओढत त्याला नेतो. "मी डोळ्यांनी पाहिलंय!" मोठ्यांनी असं पुष्कळ काही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

मी फटफटल्यावर फोन घेऊन मागच्या दारात बसले. उंदीर आला, एकटाच. अंडं पुढच्या पायांत घेतलं, वरून हनुवटी दाबली अन् उलटा चालायला लागला. पायरी आली. थांबला. आधी स्वतः खाली उतरला, मागच्या पायांवर उभा राहिला अन् अंडं छातीवर झेललं. मग हळूच जमिनीवर टेकवलं. एक तडा नाही! आमच्या आईला खुराड्यातून अंडी आणताना हे जमत नाही.

फोन? अच्छा, फोन. बटण दाबायचंच राहिलं.

मोठ्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "असं कुठं असते काय! काहीही सांगते."

*

उंदीर जमिनीखालून यायचे. खाली सिमेंट पाहिजे, हे मी पहिल्यापासून ओरडून राहिले होते. कॉलेज सोडलेल्या पोरीचं कोण ऐकतं? तेच तिवारी जी बोलले अन् दुसऱ्याच दिवशी सिमेंट आलं! बाबांनी खुराड्याची जमीन थापीनं गुळगुळीत केली. कोपऱ्यात खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं.

सकाळी सिमेंटवर बारकी बारकी पावलं. थेट बाबांच्या नावावरून गेलेली.

आई हरखली. "लक्ष्मीची पावलं बाई! बघा, आत चाललीत."

बाबा वाकले. "आत चाललीत ते दिसून राहिलं. बाहेर आलेली कुठं आहेत?"

नव्हतीच!

आत बसलेल्या उंदराला हुसकवायच्या धांदलीत खुराड्याची कडी तुटली. बाबांनी दार सुतळीनं बांधलं अन् फॅक्टरीतली गाठ मारली. "ही गाठ माझ्याशिवाय कोणाला सुटत नाही," म्हणाले.

*

दिवाळी आली. उंदीर होतेच. मोठ्या काकांनी जवळच्या पनागर गावच्या कोंबडीवाल्याला फोन केला, सकाळी येऊन सगळ्या घेऊन जा म्हणून.

मी बाबांना म्हटलं, "एकदा तरी बोला ना त्यांना!"

"दादानं ठरवलंय."

यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तोंडात बोळा घालून जगलेला माणूस, अन् मी त्याची पोरगी. बाबांनी खिशातले पैसे चाचपले. मग चप्पल घालून बाजारात निघून गेले.

संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर ते खुराड्यापाशी आले. बराच वेळ गाठ चाचपत बसले. मग उठले, मागच्या गटाराच्या नालीकडे तोंड केलं अन् मोठ्यानं, स्वच्छ मराठीत बोलले, "उद्या सकाळी पनागरवाला येऊन राहिला. सगळ्या कोंबड्या नेणार आहे. मग इथं दाणा राहणार नाही."

मी दारातून विचारलं, "कोणाशी बोलून राहिले?"

"कोणाशी नाही," म्हणाले अन् हात धुवायला गेले.

सकाळी पनागरवाला टोपल्या घेऊन आला. खुराड्याचं दार सताड उघडं! कोंबड्या पेरूवर, कोंबड्या तिवारी जींच्या छतावर, एक तर मोठ्या काकांच्या स्कूटरच्या सीटवर. तो बिचारा धावला, पडला, नालीत घसरला. शेवटी टोपल्या उचलून म्हणाला, "ऐसी मुर्गियाँ आप ही रखो, भैया!" अन् गेला.

मोठे काका जिन्यात उभे होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग बाबांकडे. "तू सोडली गाठ?"

"नाही, दादा."

मोठे काका वर गेले.

मी खाली पडलेली सुतळी उचलली. गाठ जशीच्या तशी होती, पक्की. तिच्या शेजारी सुतळी कुरतडलेली, धागा धागा सुटा. बोटांना काहीतरी चिकट लागलं म्हणून वास घेतला.

खोव्याच्या जिलबीचा होता.