बाळंतिणीचा वाफा

शेपूचा वास मला लहानपणापासून नकोसा. गोखिवऱ्याला आमच्या दोन खोल्यांत शेपू शिजायला लागला की मी जिन्यात जाऊन बसायची. लग्न करून वसईतल्या या वाडीत आले तर इथे आठवड्यातून दोनदा शेपू. आणि मला सातवा लागला तेव्हा तर सासूबाईंनी खास माझा म्हणून एक वाफाच केला.

त्यांची ती रीतच होती. घरात कोणी गरोदर असली की सातव्यात शेपू पेरायचा, म्हणजे बाळंतिणीच्या ताटात घरची कोवळी भाजी येते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे सगळं सासूबाईंनीच अंगावर घेतलं. विहिरीजवळ केळींच्या कडेला त्यांनी माती भुसभुशीत केली, बी राखेत कालवून विस्कटलं आणि वरून हलकं 'पानी' मारलं. त्या चांदीप गावच्या, त्यांच्या बोलण्यात 'पाणी' कधी आलंच नाही, कायम 'पानी'. "आता कितीबी नाक मुरड," म्हणाल्या, "मंग दोन्ही वखताला हीच भाजी खायची हाय." मी लगेच मुरडून दाखवलं.

शेपू वीतभर वाढला आणि माझ्या पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी घरी आले. मोबाइलवरचं ते मेलं ॲप मात्र तुमचं बाळ आता अमुक फळाएवढं झालं म्हणून सांगतच होतं. नवऱ्याने ते गुपचूप काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तेलाची वाटी घेऊन माझ्या उशाशी हजर. अंग चोळलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, पोट बांधलं, डिंकाचा लाडू पुढे ठेवला. भेटायला आलेली एक नातेवाईक बाई दारातच कुजबुजली, "मूल नाही, मग हे सगळं कशाला?" सासूबाईंनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "बाल गेला, पन ही बालंतीन झालीच ना?" त्या वेळी मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

ताटात सगळं यायचं, फक्त शेपू नाही. माझंही डोकं असं फिरलेलं की जन्मात जो तोंडात घातला नाही, तोच हवा म्हणून मी भांडायला उठले. माझा वाफा ना तो, मग मला का नाही? सासूबाई माझ्याजवळ बसल्या. "शेपूनं दूध वाढते, बाय. तुजं आता आटवायचा हाय." खरंच, दूध आलं होतं. ज्याच्यासाठी यायचं तो नाही, हे दुधाला कोण सांगणार?

त्यातच शेजारच्या काकूंची लेक बाळंत होऊन घरी आली. बाळ दिवसभर रडायचं, तिला दूध पुरत नव्हतं. ते रडलं की इकडे माझा गाऊन भिजायचा. मी कानांवर उशी दाबून पडायची. काकू बाजारातून शेपू आणायच्या, पिवळा पडलेला, मान टाकलेला. कुंपणापलीकडून आमचा हिरवागार वाफा बघायच्या आणि मी दिसले की घाईने आत जायच्या. मागणार कशा? सासूबाईही त्या वाफ्याला पाणी घालायच्या, पण एक काडी तोडायच्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायच्या फक्त.

एका सकाळी बाळ रडून रडून थकलं आणि हुंदके तेवढे ऐकू यायला लागले. ते मला रडण्यापेक्षाही सहन होईना. मी विळा घेतला आणि वाफ्यात बसले. शेपूचा तोच उग्र वास, कापेन तसा अंगावर येत होता. पण मी उठले नाही. मुठीमुठीने कापला, केळीच्या सुकलेल्या सोपटाने जुड्या बांधल्या आणि कुंपणावरून काकूंना हाक मारली. त्या आल्या, जुड्या घेतल्या आणि डोळ्यांना पदर लावून नुसत्याच उभ्या राहिल्या. "लसूण जास्त घाला," मी म्हटलं.

परत बसून मी उरलेला शेपूही सरसकट कापत सुटले. एकदाचा वाफा मोकळा करायचा होता, डोळ्यांसमोर नको होता. तेवढ्यात विहिरीजवळून सासूबाई ओरडल्या, "सगला नको कापू. त्या कोपऱ्यातला बियाला ठेव."

"कशाला?" मी खेकसले.

"परत पेराला नको?"

इतक्या दिवसांत 'होईल गं पुन्हा' म्हणणाऱ्या एकेकीचा मला संताप आला होता. या बाईवर मात्र रागावता येईना. तिने माझी समजूत घातलीच नव्हती, बी राखायला सांगितलं होतं. मी विळा मातीत टाकला आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडले. त्या जवळ आल्या नाहीत, मला थांबवलंही नाही. माझं रडून झाल्यावर कोपऱ्यातल्या शेपूला मीच पाणी घातलं.