मागं कोन ऱ्हायला?

तांडेल कुठूनही निघाले की आधी मागे वळून बघत. कॅन्टीनमधून, सिनेमा सुटल्यावर थिएटरातून, कुणाच्या लग्नाच्या पंगतीतून, अगदी युनियनच्या मोर्चातूनसुद्धा. बाकीचे दाराकडे धावत असायचे आणि हे कडेला उभे राहून, मान उंच करून विचारायचे, "मागं कोन ऱ्हायला?" बहुतेक वेळा कुणीच राहिलेलं नसायचं. तरी त्यांचं समाधान होईपर्यंत आम्हाला पाऊल टाकता येत नसे. या सवयीपायी आमचे किती चहा थंड झाले याची गणती नाही.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही चटकन आठवत नसे. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. आजोबांची स्वतःची होडी होती, म्हणून सगळे नातवालाही तांडेलच म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. आमचे तांडेल मात्र जन्मभर सगळ्यांच्या मागून चालले. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत आणि तिथे मेंटेनन्सला ते वीस वर्षं फिटर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन मुलं त्यांचेच सुपरवायझर झाली. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणत, "मशीन बिघडली तर मला बोलवतात, मानसं बिघडली तर त्यांना. माझं काम सोपं."

सकाळी ओहोटी असली तर कामावर येण्याआधी ते खाडीत उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून येत. त्यामुळे नखांत कायम दोन प्रकारचं काळं असे, एक खाडीचं आणि एक ग्रीसचं. आम्ही नाकं मुरडली की हसायचे. "बायको म्हनते ग्रीसचा वास येतो, तुमी म्हनता म्हावऱ्याचा. मंग आंघोल कुनासाठी करू?"

आता शर्यतीचं सांगतो. आमचे वर्क्स मॅनेजर सैन्यातून निवृत्त होऊन आलेले होते. आम्ही त्यांना मेजरसाहेब म्हणायचो. दर ऑगस्टमध्ये एका रविवारी ते सगळ्या कारखान्याला टेम्पोत घालून टिटवाळ्याला नेत. तिथे आमच्या एका टर्नरची नदीकाठी भातशेती होती. शेताचा एक तुकडा तो लावणी न करता ठेवायचा आणि आदल्या दिवशी बैलांनी चिखलून द्यायचा. त्यात मेजरसाहेब आपली फौजी हौस भागवून घेत. आधी गुडघाभर चिखलातून पळायचं, मग जमिनीलगत बांधलेल्या बांबूंखालून पोटावर सरपटायचं, मग टायरमधून निघायचं, कंबरभर उंचीचा बांध चढायचा, पलीकडे ओढ्यात उडी, आणि ओढ्यातून वर आलं की पन्नास पावलांवर दोरी. शर्यत जोडीची. दोघांनी हातात हात धरूनच दोरी ओलांडायची. एकटा पोचला तर तो पोचलाच नाही असं समजायचं. पॅकिंगमधल्या बायका छत्र्या घेऊन बांधावर उभ्या राहत आणि नाव घेऊन घेऊन आमची रेवडी उडवत.

चिखल म्हटलं की तांडेलांच्या तोडीचा माणूस त्या शेतात दुसरा नव्हता. आम्ही दोन पावलांत फसायचो आणि हे देवळात फिरावं तसे फिरायचे. तरी नऊ वर्षांत ते एकदाही जिंकले नव्हते, कारण वाटेत जो रुतेल त्याला काढायला ते थांबत. एका वर्षी त्यांनी स्टोअरकीपरला काढलं, मग परत जाऊन त्याची चप्पल काढली. दुसऱ्या वर्षी चक्क मेजरसाहेबांना काढलं, तोवर म्हणे बाकी सगळे दोरी ओलांडून गेले होते. हळूहळू त्यांच्याबरोबर पळायला कुणी तयार होईना.

"अहो तांडेल, शर्यत आहे ती," मी एकदा समजावलं होतं.

"हां, म्हायती हाय. पन खाडीत रुतलेल्याला वलांडून जायाचं नाय. तुझा वैरी का असेना. भरती कुनाची वाट बघत नाय, तासाभरात पानी गल्यापर्यंत येतं. माझ्या आज्यानं मला चालाया शिकवलं ना, तवाच हे शिकवलं. आता पायांनाच सवय, मी काय करू?"

"टिटवाळ्याच्या शेतात कुठली आलीय भरती?"

"ते पायांना कुठं कलतं?"

सत्याऐंशी साली माझं तिथे ट्रेनी म्हणून तिसरं वर्ष होतं. ड्रॉईंग ऑफिसात आम्ही दोघं ट्रेनी होतो, मी वर्तकनगरचा आणि मिलिंद डोंबिवलीचा. जागा एकच होती. सप्टेंबरअखेर एकाला कायम करणार आणि दुसऱ्याला घरी पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील डिसेंबरात निवृत्त होणार होते आणि पाठची बहीण अजून कॉलेजात होती. त्यातच कारखान्यात एक समजूत होती, की मेजरसाहेब शर्यतीत माणूस पारखतात. मागच्या वर्षी जिंकलेले दोघंही कायम झाले होते. झालं. मी त्या शर्यतीवर जीव टांगून बसलो. जोडीदार शोधायला निघालो, तर तोवर सगळ्या जोड्या जुळलेल्या. उरले होते फक्त तांडेल.

"तांडेल, या वेळी थांबायचं नाही," मी हात जोडून म्हणालो. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आईची शपथ घ्या."

ते गंभीर झाले. "आयची शपथ अशा कामाला नाय घालायची पोरा. मी जोर लावतो. तू माझा हात सोडू नको, बस."

आणि खरंच, काय धावलो आम्ही! तांडेल पुढे, मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागे. बांबूंखालून निघालो तेव्हा दुसरे होतो, बांधावर चढलो तेव्हा पहिले. बायका आमच्या नावाने ओरडत होत्या. ओढ्यातून मला त्यांनी दंडाला धरून असं वर काढलं की माझे पाय चिखलाला लागले की नाही तेच कळलं नाही. समोर पन्नास पावलांवर दोरी, आणि दोरीपाशी छत्रीखाली मेजरसाहेब. मला माझं नेमणुकीचं पत्र दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात तांडेलांनी मागे वळून पाहिलं.

ओढ्यात मिलिंद मांडीपर्यंत रुतला होता. त्याचा जोडीदार त्याला ओढत होता आणि ओढता ओढता स्वतःच खाली चालला होता. तांडेलांच्या बोटांची पकड सैल झालेली मला कळली. मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. "तांडेल, नाही. चला. त्यांना काढतील कुणीतरी."

"तू हितंच थांब. आलोच."

आणि मग मी जे बोललो ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पन्नास माणसांसमोर, घसा फोडून मी ओरडलो, "जा! असेच सगळ्यांच्या मागे राहिलात म्हणून जन्मभर फिटरच राहिलात!"

बांधावरच्या बायका छत्र्या बाजूला करून माझ्याकडे बघायला लागल्या. तांडेलांनी मात्र ऐकल्याचंसुद्धा दाखवलं नाही. ते ओढ्यात उतरले होते आणि मिलिंदला सांगत होते, "वढू नको. टाच हलव. आधी टाच सोडव."

दोन मिनिटांत दोघं बाहेर आले. बाहेर आल्यावर मिलिंदला दोरी दिसली आणि त्याने जोडीदाराचा हात धरून ठोकली धूम. तो जिंकला. आमच्या मागून आणखी दोन जोड्या गेल्या. तांडेल ओढ्यातून वर आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी तो न धरता टेम्पोकडे चालू लागलो. परतीच्या वाटेवर ठाणं येईपर्यंत मी बाहेर बघत बसलो होतो. ते समोरच बसून वाळलेला चिखल पोटऱ्यांवरून सोलत होते.

सप्टेंबरअखेर मिलिंद कायम झाला आणि मी घरी बसलो. घरी बसणं म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळतं. वडील काही बोलत नसत, म्हणून जास्त लागायचं. पहिल्या पंधरा दिवसांतच एका सुट्टीच्या दिवशी दारात तांडेल उभे. हातात वर्तमानपत्राचा पुडा. आईने कौतुकाने उघडला, तर आत सुका जवळा! आमच्या घरात मासळी सोडाच, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आईने पुडा इतक्या अलगद मिटला की जणू आत कुणीतरी झोपलंय. तांडेलांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. पुढच्या वेळी ते लाल भोपळा घेऊन आले, आणि मग आठ महिने दर आठवड्याला भोपळा. आई घारगे करून करून थकली, पण तांडेल आले की आधी त्यांच्यासाठी चहा ठेवायची.

शर्यतीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. "चल, खाडीवर जाऊ," एवढंच म्हणत. मला जायची इच्छा नसे, पण घरात बसायचीही नसे. ओहोटीला काठ उघडा पडला की ते मला चिखलात उतरवत. पहिल्या दिवशी मी फसलो आणि सगळी ताकद लावून पाय ओढायला लागलो. जेवढा एक ओढावा तेवढा दुसरा आत जाई.

"पाय वढून कधी निघत नाय," ते शेजारी उभे राहून म्हणाले. "घाई केलीस का तो जास्त धरतो. टाच जराशी हलव. बाजूनं पानी आत जाव दे. मंग तो आपनच सोडतो. त्याला तुझ्याशी काय वैर नाय."

मी टाच हलवली. थोड्या वेळाने पाय अगदी सहज सुटला. मला एकाएकी रडू आलं, का ते सांगता येणार नाही. तांडेल दुसरीकडे बघत राहिले आणि एक चिंबोरी धरून डब्यात टाकली.

त्यानंतर मी दर आठवड्याला एक गोष्ट हलवायला लागलो. एक अर्ज, एक ओळख, टायपिंगचा क्लास. तांडेल आपल्या बाजूने इस्टेटच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. पुढच्या जूनमध्ये तिसऱ्या गल्लीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनीच मला नेलं आणि मालकाला सांगितलं, "पोरगा सरल रेघ मारतो. बोलतो जरा वाकडा, पन रेघ सरल." मालक हसला. मी हसू शकलो नाही. त्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं काढली. बहिणीचं लग्न, माझं लग्न, सगळं त्या सरळ रेघांवर झालं.

पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन कोळीवाड्यात गेलो. ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी शब्द जुळवून गेलो होतो. "तांडेल, त्या दिवशी मी टिटवाळ्याला..." एवढं म्हणालो आणि पुढचं विसरलो.

त्यांनी जाळ्यावरून नजर काढली नाही. "तू बोललास ते खोटं नव्हतं रे. ऱ्हायलो मी मागं. पन मागं ऱ्हानाऱ्यालाच दिसतं ना, कोन रुतलाय. पुढच्याला फक्त दोरी दिसते." मग पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून माझ्याच हातावर ठेवला. "लागलं व्हतं मला. खोटं कशाला बोलू. पन तू तवा रुतलेला व्हतास. रुतलेला मानूस वरडतोच."

नव्वदीनंतर इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडायला लागले, त्यात आमचाही जुना कारखाना गेला. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. सगळे बाहेर आले, तांडेल नेहमीप्रमाणे शेवटी. वॉचमन कुलूप घेऊन उभा होता आणि ते रिकाम्या शेडकडे तोंड करून मोठ्याने विचारत होते, "मागं कोन ऱ्हायला का?"

नंतर ते पुन्हा खाडीवर जाऊ लागले, पण खाडीत पूर्वीसारखं काही मिळत नव्हतं. पुढे छातीचं दुखणं निघालं. शेवटच्या महिन्यात त्यांना अंगणात चालवायला मी जायचो. पाय उचलवत नसे, ते चिडत. मी म्हणायचो, "ओढू नका. आधी टाच." त्यावर ते डोळे मिटून हसायचे. त्यांची बायको म्हणायची, "बघा, गुरूला शिकवतो."

ते गेले तेव्हा कोळीवाडा, इस्टेट, दोन्हीकडची माणसं आली होती. मिलिंदही डोंबिवलीहून आला. खाडीकाठच्या स्मशानातून परतताना तो माझ्या बाजूने चालत होता. म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. माझं कायम झाल्याचं पत्र शर्यतीच्या आधीच टाईप झालेलं. टायपिस्टने मला दाखवलेलं. तुला सांगायची हिंमतच झाली नाही रे."

बारा वर्षं मी मनाला समजावत होतो, की नोकरीचा प्रश्न होता, म्हणून तोंडातून तसं निघालं. आता तेवढाही आधार उरला नाही. नुसतंच बोललो होतो मी त्यांना, काहीही कारण नसताना. आणि ते मात्र आठ महिने भोपळे घेऊन माझ्या दारात येत राहिले.

पुढून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "चला, चला. मागं बघू नका रे कुनी." स्मशानातून परतताना मागे बघायचं नसतं, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. सगळे माना खाली घालून भराभर चालले होते.

मी थांबलो आणि वळलो. चितेशेजारी कुणीच नव्हतं. ओहोटी होती, काठचा चिखल उघडा पडला होता.

"काय बघतोयस?" मिलिंदने हळूच विचारलं.

"मागे कोण राहिलं ते," मी म्हणालो.

तो दोन पावलं पुढे गेला होता. तिथून परत आला, माझा हात धरला, आणि तोही मागे वळून उभा राहिला.