एका पाकिटातल्या अकरा जणी

या वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात पुरुषांच्या बातम्या-फोटोंची पाकिटे आडनावाने लागतात आणि बायकांची पहिल्या नावाने. लग्नानंतर बायकांचे आडनाव बदलते, मग शोधायचे कुठे, असा पहिल्या संपादकांचा हिशोब होता. ते जाऊन चाळीस वर्षे झाली, नियम मात्र ठणठणीत आहे.

जिन्याखालच्या त्या खोलीत सत्तावीस वर्षे काम करणाऱ्या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणतात. अंगठ्याला कात्रीचा घट्टा, पदराला डिंकाचा वास. नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक. आमच्या घरात दोघांचेही हात चिकट, असे तो म्हणतो.

कात्रीबाईंना सर्वांत जड जाई ते एका साध्या, घरोघरी सापडणाऱ्या नावाचे पाकीट. त्यात अकरा जणी होत्या. दोनशे वर्षांपूर्वी तलाव खोदवून घेणारी राणी, सामुद्रधुनी पोहून गेलेली मुलगी, पहिली महिला वैमानिक, आवाज गेल्यावर गाणे शिकवणारी गायिका, अंध मुलांची शाळा काढणाऱ्या बाई. आणि नवऱ्याला विष घालून जन्मठेप भोगलेली एक. या बायकांची वेगळी पाकिटे करू द्या, असे कात्रीबाईंनी तीनदा लेखी मागितले होते. तिन्ही वेळा उत्तर आले, जागा नाही.

शाळेच्या बाई रविवारी वारल्या. सोमवारी पहिल्या पानावर बातमी आली आणि बातमीवर फोटो आला तो विष घालणारीचा. रात्रपाळीच्या उपसंपादकाने पाकिटातला वरचा फोटो उचलला होता. फोटोमागे ती कोण ते लिहिलेले होते; त्याने उलटून पाहिले नाही.

मंगळवारी शाळेच्या बाईंची लेक कचेरीत आली. ती रडली नाही. भेटायला येणारे लोक आधी भिंतीवरचा फोटो निरखतात आणि मग बसतात, एवढे तिने सांगितले. खुलासा त्याच पानावर हवा, आईच्या फोटोसह. संपादकांनी तिला चहा पाजला आणि सातव्या पानावर दोन ओळी देऊ म्हणाले. थोडक्यात, तोंडाला पाने पुसली.

ती गेल्यावर कात्रीबाईंना वर बोलावणे आले. टेबलावर कबुलीपत्र टाईप करून तयार होते.

"साहेब, फोटो मी काढून दिला नाही."

"पाकीट तुमच्याच हातचं ना? सही करा आणि विषय मिटवा."

चोर सोडून संन्याशाला फाशी. कात्रीबाईंनी सही केली नाही. त्या खाली गेल्या आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतही उठल्या नाहीत.

गुरुवारी संपादकांना एका सत्काराच्या पत्रिकेसाठी स्वतःचा फोटो आणि माहिती हवी होती. कात्रीबाईंनी जाडजूड पाकीट आणून त्यांच्या टेबलावर पालथे केले. एक पाकीटमार, दारू पिऊन ट्रक घराच्या भिंतीत घालणारा ड्रायव्हर, दोन मल्ल, लाच घेताना पकडलेला कारकून. सगळे संपादकांच्याच पहिल्या नावाचे.

"हा काय पोरखेळ आहे, बाई?"

"नियम तोच आहे साहेब, बायकांचा. पत्रिका छापणाऱ्याला पाकीट असंच पाठवते. वरचा फोटो घेईल तो."

वरचा फोटो पाकीटमाराचा होता. संपादकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तो उलटून मागचे नाव वाचले.

शुक्रवारी शाळेच्या बाईंचा फोटो पहिल्या पानावर आला, त्याच जागी, तेवढ्याच आकारात. खाली दिलगिरी होती आणि शेवटी एक वाक्य: ही चूक कात्रण विभागाच्या हलगर्जीपणामुळे घडली.

तो विभाग म्हणजे एकच बाई, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते. दुपारपर्यंत कुणी जिना उतरून खाली आले नाही.

तीन वाजता कात्रीबाई अंक घेऊन वर गेल्या. संपादक फोनवर होते. त्यांनी हाताने थांबा म्हटले. कात्रीबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. सत्तावीस वर्षांत त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

"त्या लेकीचं काम झालं," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "आता माझं. तेच पान, तीच जागा."