उसनं रक्त

भट्टीखात्यात त्याला सगळे पैलवान म्हणत. आखाड्याची माती त्याने कधी अंगाला लावली नव्हती. पण शिशाची लादी दोघांनी मिळून उचलायची असा नियम असताना हा गडी ती एकट्याने उचलायचा आणि मग कोण बघतंय का ते बघायचा. कारखाना बॅटऱ्यांचा. शिसं वितळवायचं, वर जमलेली मळी झाऱ्याने काढायची, साच्यात ओतायचं, हे त्याचं काम. तोंडाला लावायचा मास्क त्याने खुंटीला टांगला होता आणि तो बारा महिने खुंटीलाच असायचा. मास्क लावून तंबाखू कशी खाणार? शिशाच्याच हाताने तो तंबाखू मळायचा आणि त्याच हाताने डबा खायचा.

दर सहा महिन्यांनी कारखान्यात रक्ततपासणी व्हायची. ज्याच्या रक्तात शिसं जास्त निघेल त्याला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवत. नियम भल्यासाठी होता, म्हणूनच तो कोणाला आवडत नव्हता. पॅकिंगला बायका होत्या, म्हातारे होते, कंबर गेलेले होते. तिथे गेलेल्या माणसाला भट्टीवाले दुसऱ्या दिवसापासून 'वहिनी' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत 'वहिनी, जरा मीठ द्या' म्हणत आणि फिदीफिदी हसत. ह्यात पैलवान सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे आपल्यावर ती पाळी येण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्यावर भट्टीवाल्यांनी तोड काढली होती. रक्त घ्यायला बाहेरची नर्स यायची, दर वेळी नवी. पासवरचे फोटो घामाने कधीच पुसून गेले होते. पास दाखवायचा, नाव सांगायचं, दंड पुढे करायचा, की झालं. तो दंड कोणाचा, हे कोण विचारतंय? भट्टीवाल्याचा पास घेऊन पॅकिंगमधला कोणीतरी जाई. पैलवानासाठी त्याचा मेहुणा जायचा, बायकोचा धाकटा भाऊ.

"दाजी, हे बरं नाही," पहिल्या वेळी तो म्हणाला होता. "एकदा स्वतःचं रक्त देऊन तरी बघा."

"तुला इथे कामाला कोणी चिकटवलं?"

मेहुण्याने पास घेतला. सहा वर्षांत बारा वेळा त्याने दंड पुढे केला. पैलवानाचं रक्त कागदावर एकदम निर्मळ.

घरी मात्र सात वर्षांत पाळणा हलला नव्हता. त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार हे सांगायला नको. बायकोच्या तपासण्यांची पिशवी फुगत चालली होती. एकदा गर्भपिशवीत औषध सोडून फोटो काढले, त्या दिवशी ती परतताना बसमध्ये दांडी धरून, ओठ चावत उभी होती, आणि पैलवानाला खिडकीपाशी डुलकी लागली होती. सगळे रिपोर्ट चांगले यायचे. सासू म्हणायची, "डॉक्टरांना काय कळतंय? जमीनच नापीक, तर पेरणारा काय करील?" हे ती सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. आणि पैलवान? तो म्हणायचा, "मी लाद्या उचलतो. माझ्यात कसली खोट?" झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ आतून सैल पडत होती आणि ते त्याला ठाऊक होतं. कामावरून आला की चपला काढायच्या आधी खुर्चीत कलंडायचा. पोट सुटलं, दंड उतरले. दाढी रोज करायची ती दोन दिवसांनी केली तरी चालू लागली. बायकोकडे पाठ करून झोपायचा आणि तिने हात ठेवला तर खेकसायचा. पेपरातल्या जाहिराती बघून ताकदीच्या पुड्या आणायचा आणि कपाटात मोज्यांखाली दडवायचा. मोजे धुवायला काढणाऱ्या बाईपासून ते लपलेलं राहतं, असं समजणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

शेवटी एक दिवस तिने ती फुगलेली पिशवी त्याच्यासमोर ठेवली. "आता माझी एकही तपासणी होणार नाही. तुमची होईपर्यंत."

त्याने आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं रक्त दिलं.

डॉक्टर वयस्कर होते, शब्द जपून वापरणारे. "टेस्टोस्टेरॉन फार कमी आहे. तुमच्या वयात इतकं कमी सहसा नसतं. बीजही अगदी थोडं आहे. काम काय करता?"

"शिशाच्या भट्टीवर आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शिसं असं करू शकतं, म्हणाले. हाडांत जाऊन बसतं. भट्टीची धग, तंबाखू, अपुरी झोप, सुटलेलं पोट, ही सगळी त्यालाच मदत करतात. "पण वेळ गेलेली नाही. शिसंच असेल, तर आधी त्या भट्टीपासून लांब व्हायला हवं. कारखान्यात तपासणी होत असेल ना? जुने रिपोर्ट आणा."

ऐकताना बायकोचा चेहरा सात वर्षांत पहिल्यांदा उजळला. काहीतरी करता येण्यासारखं होतं.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी कारखान्याचे बारा कागद एकेक करून उलटले. "आश्चर्य आहे. ह्यात तर शिसं नावालासुद्धा नाही. माझ्यापेक्षा तुमचं रक्त स्वच्छ." जरा थांबून म्हणाले, "तरी एकदा ताजं बघू. दोन मिनिटांचं काम आहे."

एवढंच करायचं होतं. बाही वर सरकवायची होती. पण पैलवानाच्या डोळ्यांसमोर पॅकिंगचं टेबल आलं आणि कानात 'वहिनी, मीठ द्या' आलं.

"कशाला उगाच?" तो म्हणाला. "दर सहा महिन्यांनी होतेच की."

डॉक्टरांनी खांदे उडवले, तंबाखू सोडा, वेळेवर झोपा असं लिहून दिलं.

बसथांब्याच्या बाकावर बायको ते कागद मांडीवर घेऊन बसली. सात वर्षांत तिला रिपोर्ट वाचायची सवय झाली होती. एक बोट कारखान्याच्या कागदावर, एक दवाखान्याच्या.

"इथे तुमचा रक्तगट ओ आहे," ती म्हणाली. "कारखान्यात बी. बी माझा आहे. आणि माझ्या भावाचा."

पैलवान बस आली का ते बघायला उठला.

"त्याचा दंड दर सहा महिन्यांनी काळानिळा दिसायचा. विचारलं की म्हणायचा, खोकं लागलं." तिचा आवाज चढला नाही. "मी प्रत्येक तपासणी माझ्या स्वतःच्या रक्ताने दिली हो." मग कागद नीट घडी करून तिने पिशवीत ठेवले. "आईंना आज तुम्ही सांगायचं. खोट माझ्यात नाही, एवढंच सांगा. बाकी काही मागत नाही."

आई दारातच उभी होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

बायको त्याच्या मागे, पायरीवर. तिने आत पाऊल टाकलं नव्हतं. ती वाट बघत होती.

"काही नाही," पैलवान म्हणाला. "दोघांनाही औषध दिलंय."

तिने तासाभरात कपडे भरले. तपासण्यांची पिशवी मात्र कॉटवर ठेवून गेली. आई म्हणाली, "गेली तर जाऊ दे. सुंठीवाचून खोकला गेला."

पुढच्या तपासणीला मेहुण्याने पास हातातसुद्धा घेतला नाही. पैलवानाला स्वतःचा दंड पुढे करावा लागला. आकडा असा आला की नर्सने यंत्र बिघडलंय समजून पुन्हा रक्त काढलं. आठवड्याच्या आत तो पॅकिंगला बसला, मेहुण्याच्या समोरच्याच टेबलावर. मेहुणा खोकी चिकटवतो आणि मान वर न करता त्याच्याकडे सरकवतो. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाले मीठ मागतात. पैलवान देतो.

भट्टी सुटल्यापासून त्याला जरा हुशारी वाटते. डॉक्टर खरंच सांगत होते. पण आता ती कोणासाठी?

अंगाने मात्र तो अजून उतरलेलाच दिसतो. शेजारीण आईला त्याबद्दल विचारते. आई सांगते, "सून टाकून गेली ना, त्या धसक्याने खंगला माझा वाघ. वांझ ती वांझ, वर मिजास." आतल्या खोलीत पैलवान सगळं ऐकत असतो, आणि मूग गिळून बसलेला असतो.