बुद्धाच्या गालावरचे थर

बायको, रत्नप्रभा, वारली. तिचा जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सदानंद रोकडे मुरबाडच्या एमआयडीसीत कामावर हजर झाला. मशीनवर जॉब बांधला, टूल लावले, दिवस काढला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, खाल्ला, धुऊन ठेवला. डब्यात काय होते असे कोणी विचारले असते तर त्याला सांगता आले नसते. वाड्यातले लोक म्हणत, सदानंद खंबीर आहे. तो खंबीर नव्हता. त्याला काही होत नव्हते, एवढेच.

एक काम मात्र अंगावर होते. दवाखान्यात रत्नप्रभाने ते कबूल करून घेतले होते.

धसईच्या अलीकडे त्यांचा बौद्धवाडा. विहारात छातीपर्यंतची प्लास्टरची बुद्धमूर्ती. ती रत्नप्रभाच्या बापाने, भगीरथ मिस्त्रीने घडवलेली. मिस्त्री गवंडी माणूस, मूर्तीकाम कुठे शिकला नव्हता. थापीने भिंती लिंपायचा, त्याच थापीने त्याने बुद्ध केला. ओठ जाड, कपाळ रुंद, वाड्यातल्याच कुणा शांत माणसासारखा चेहरा. आता बैठकीतून ओल चढत होती आणि खालून भुगा पडत होता. मंडळाचा सेक्रेटरी इंद्रजीत कल्याणच्या कचेरीत नोकरीला. दवाखान्यात भेटायला आला तेव्हा तो म्हणाला, दुकानातून संगमरवरी आणू. रत्नप्रभाने ऐकले नाही.

"दुकानातला बुद्ध चांगलाच असंल. पन तो आमाला वळखत नाय," ती म्हणाली होती. मग नवऱ्याकडे वळून, "तुमच्या मशीनवर हाच चेहरा काढता येईल ना? पितळेत?"

"येईल," सदानंद म्हणाला होता. विचार न करता.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला चेहरा कळत नाही, आकडे कळतात. ड्रॉइंग असेल तर आकडे मिळतात. मिस्त्रीने कसले ड्रॉइंग काढले होते! मग चेहराच मोजायला हवा. त्यासाठी प्रोब लागतो. मशीनच्या स्पिंडलमध्ये, जिथे एरवी कापायचे टूल बसते तिथे, एक सुई बसवायची. ती खाली येते, टेकते, टेकल्याचा इशारा मशीनला जातो, मशीन तिथली उंची टिपून सुई वर घेते, जरा बाजूला सरकते, पुन्हा खाली. आंधळा माणूस बोटाने तोंड चाचपतो तसे. विकतचा प्रोब मालकांनाही परवडणारा नव्हता. त्यांनी सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायला दिले, तेवढे पुष्कळ.

"प्रोब तुझा, जॉब तुझा. स्पिंडल माझं. त्याला काही झालं तर बघ," मालक म्हणाले.

सदानंदने प्रोब घरी बसून केला. पोते शिवायचा दाभण घेतला, टोक कापले, तिथे जुन्या बेअरिंगमधली बारीक गोळी चिकटवली. दाभण पितळी नळीत, वर स्प्रिंग. गोळी टेकली की दाभण वर सरकणार, तांब्याच्या पट्टीला लागणार, वायरीतून इशारा जाणार. दाराच्या बेलसारखे. दाबले की वाजते. नळी घासायला तो चार संध्याकाळी बसला. दाभण अडकता कामा नये आणि डुलताही कामा नये. या दोहोंच्या मध्ये जागा फार थोडी असते.

मूर्ती गोधडीत गुंडाळून त्याने एसटीत मांडीवर घेतली. कंडक्टर वाकून म्हणाला, "पोरगं झोपलंय वाटतं. हाफ तिकीट फाडू का?" सदानंदने गोधडी बाजूला केली. कंडक्टरने चप्पल काढून नमस्कार केला आणि पुढे गेला.

मशीनच्या बेडवर त्याने मूर्ती उताणी बांधली. दाभण खाली, वर, खाली, वर. कपाळ झाले. एक डोळा झाला. सदानंद स्टुलावर बसून बघत होता. गालावर दाभण खाली आला आणि थांबला नाही.

त्याने लाल बटण दाबले तोवर गोळी गालात रुतली होती. वायर सोल्डरच्या डाकातून सुटली होती. बेलची वायर तुटली तर बेल वाजत नाही. बेल गप्प आहे म्हणजे दारात कोणी नाही, असे मशीनने धरले होते.

वाड्यातली ती एकमेव मूर्ती होती आणि तिच्या गालाला भोक पडले होते. सदानंदने वाट पाहिली. आता तरी रडू येईल म्हणून. काहीच झाले नाही. त्याने दाभण सोडवला, फुंकर मारली आणि भिंग लावून भोक पाहिले.

भोकाच्या कडेला थर होते. वर सोनेरी, त्याखाली पांढरा, मग फिका पिवळा, निळसर, पुन्हा पांढरा. प्लास्टर पार आत. दरसाल वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाया मूर्तीला रंग देत. जुना रंग कोणी काढत नसे, त्याच्यावरच नवा. एवढा वेळ तो मिस्त्रीचा चेहरा मोजत नव्हताच. रंग मोजत होता.

मूर्ती परत नेऊन त्याने विहारात ठेवली आणि झाले ते सांगितले. इंद्रजीतने भोकात बोट घातले. म्हणाला, "बरंच झालं. आता सगळा रंग खरवडून काढू. मिस्त्रीचा ओरिजिनल चेहरा मिळेल."

गुणाबाई, मिस्त्रीची म्हातारी बहीण, भिंतीला टेकून बसली होती. "आनि त्याला वळखनार कोन? मी एकटी. तुमी सगळ्यांनी रंगच बघितलाय."

"आत्याबाई, पण खरं ते..."

"खरं सांगू? माझ्या भावाला नाक जमलं नव्हतं. पार चपटं. आमी बायांनी वर्साला थोडा थोडा रंग चढवून ते बसवलं. आता मेल्या मानसाची लाज उघडी करता व्हय रे?"

इंद्रजीतला हसू आवरेना. सदानंदने विचारले, "हा वरचा सोनेरी कुणी दिला?"

"रत्नानं. गेल्या सालचा. यंदा ती दवाखान्यात, रंग राहिलाच. जड हात पोरीचा. ब्रश मारायची नाय, सारवायची."

गेल्या साली पौर्णिमेला सदानंद ओव्हरटाइमला होता. त्याआधीच्या सालीही. रत्नप्रभाला रंग देताना त्याने कधी पाहिले नव्हते. "सारवायची म्हणजे कशी?" त्याने विचारले. गुणाबाईने हवेत हात फिरवून दाखवला. मशीनवर टूल कसे फिरते ते बघावे तसे त्याने ते नीट बघितले.

"खरवडायचं नाही," तो म्हणाला.

प्रोब त्याने मोडून नव्याने केला. या वेळी उलटा. दाभणाला तीन पोलादी काड्या जोडल्या. प्रत्येक काडी दोन गोळ्यांवर टेकलेली, वरून स्प्रिंगचा दाब. वीज सगळ्यांतून सतत चालू. दाभण कशाला जरा टेकला की एखादी काडी उचलते आणि वीज तुटते. वायर सुटली तरी तुटते, मशीन थांबते. फिटरच्या सवयीने त्याने गोळ्यांना तेलाचा थेंब दिला, तर तेलातून वीज जाईना आणि प्रोब हवेतच थांबायला लागला. तेल पुसण्यात एक सुट्टी गेली. भोकात रंगाऱ्याची लांबी भरून घासली आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. पावसाळा त्यातच गेला.

स्क्रीनवर चेहरा उमटला तेव्हा गालांवर, हनुवटीवर बारीक वळ दिसत होते. ब्रशचे.

"हे खरखरीत काय? स्मूथ कर," मालक म्हणाले.

"राहू द्या."

त्या आकड्यांवरून त्याने मशीनवर सागाच्या लाकडात तोच चेहरा कापला. कानामागे सुई पोचत नव्हती, तिथे कानसीने काम केले. अंबरनाथच्या फाउंड्रीत त्यावरून वाळूचा साचा करून पितळ ओतले. तिथला कामगार म्हणाला, "बफ मारतो, आरसा होईल." सदानंद नको म्हणाला. वळ तसेच आले होते.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याने रजा घेतली. विहारात नवी मूर्ती बसली. दिलेला शब्द पुरा झाला होता. आता काहीतरी वाटेल, असे त्याला वाटले. तेवढ्यात गुणाबाई आणि आणखी दोघी रंगाचा डबा घेऊन आत आल्या.

"आत्याबाई, हे पितळ आहे. याला रंग लागत नाही."

"त्याला लागत नसंल. आमाला लागतो."

त्यांनी पदर खोचले. वर्षभर राखलेले वळ बघता बघता सोनेरी रंगाखाली गेले. इंद्रजीत सदानंदकडे बघत राहिला, हा आता काही बोलेल म्हणून. सदानंदने हनुवटीचा शेवटचा वळ बुजताना पाहिला. 

"जावयबापू," गुणाबाई म्हणाली, "कानामागं माझा हात जात नाय. धरा."

त्याने ब्रश घेतला. "प्रायमर नाही. पितळेवर हा धरायचा नाही, पोपडे निघतील."

"जाऊ द्या. फुडल्या साली परत मारू."

सदानंदने एक कान केला, मग दुसरा. ब्रश डब्यावर आडवा ठेवून त्याने इंद्रजीतला विचारले, पुढल्या साली पौर्णिमा कधी येते. रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो.